अकरावीच्या फिजिक्सची सुरुवात: सूत्राआधी काय करायचं

दहावीला विज्ञानात भरघोस गुण घेतलेली मुलंही अकरावीच्या पहिल्या चाचणीत फिजिक्समध्ये अडखळतात. याचा हुशारीशी काही संबंध नाही. दहावीपर्यंतच्या गणितात तीन राशी दिलेल्या असतात, चौथी विचारलेली असते, सूत्रात आकडे घातले की उत्तर येतं. अकरावीत कोणतं सूत्र लागेल हे गणितात लिहिलेलं नसतं, ते समोरची परिस्थिती बघून आपणच ठरवायचं असतं. म्हणून माझं सांगणं एकच: सूत्र सगळ्यात शेवटी. आधी कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय ते ठरवा, तिचं चित्र काढा, तिला कोण ओढतंय आणि कोण ढकलतंय ते विचारा, दिशा ठरवा. एवढं झालं की सूत्र बहुतेक वेळा आपोआप सुचतं.

गोव्यात आपल्यापैकी पुष्कळजण चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. त्यामुळे पुस्तकातली नावंही जागोजाग देतोय. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी विचार मराठीत करायला काहीच हरकत नाही.

साहित्य फार लागत नाही: एक जाड वही, मोजपट्टी, दोरा, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि हूक असलेला साधा स्प्रिंगकाटा. शाळेच्या प्रयोगशाळेत स्प्रिंगकाटा असतोच, मागितला की मिळतो.

पायरी पहिली: एकक लिहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही

हे रटाळ वाटतं, पण निम्म्या चुका इथेच पकडता येतात. प्रत्येक ओळीत, प्रत्येक आकड्यामागे एकक लिहा, फक्त उत्तरामागे नाही. ताशी किलोमीटरचे मीटर प्रति सेकंद करायचे तर ३.६ ने भागा: ताशी ५४ किलोमीटर म्हणजे १५ मीटर प्रति सेकंद. उत्तर आल्यावर एककं तपासा. वेळ काढायची होती आणि उत्तराचं एकक मीटर वर्ग प्रति सेकंद आलं, तर भागायच्या जागी गुणलंय हे आकडा न बघताही कळतं.

काही अंदाज डोक्यात पक्के असू द्या. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलोग्रॅम वस्तुमान, आणि तिचं वजन सुमारे १० न्यूटन. वस्तुमान म्हणजे मास आणि वजन म्हणजे वेट, हे दोन वेगळे. बाजारात दोन्ही किलोत बोलतात, वहीत तसं चालणार नाही. वजन म्हणजे पृथ्वीने त्या वस्तूला ओढण्याचं बल, म्हणून ते न्यूटनमध्ये. माणूस सहज चालतो तो साधारण १.४ मीटर प्रति सेकंद या वेगाने. तुमच्या उत्तरात चालणाऱ्या माणसाचा वेग ४० मीटर प्रति सेकंद आला, तर खाडाखोड कुठून सुरू करायची ते कळलंच.

पायरी दुसरी: एकदा स्वतःच्या हाताने मोजा

पुस्तकात गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असं छापलेलं असतं. ते खोलीत बसून मोजता येतं, आणि प्रत्येकाने एकदा मोजावंच. एक मीटरपेक्षा थोडा लांब दोरा घ्या. खाली जड नट किंवा कुलूप बांधा. वरचं टोक दाराच्या चौकटीला खिळ्याने पक्कं करा, नुसतं हातात धरू नका. लांबी मोजताना ती खिळ्यापासून लोंबणाऱ्या वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची, गाठीपर्यंत नाही. ही लांबी बरोबर एक मीटर करा. आता वजन थोडंसं, वीतभर बाजूला नेऊन ढकल न देता सोडा.

एका झोक्याचा वेळ मोजायला जाऊ नका. एक पूर्ण झोका, म्हणजे जाऊन परत येणं, दोन सेकंदांचा. बटण दाबायला आपल्याकडून ०.२ सेकंदांची चूक सहज होते. दोन सेकंदांत ०.२ म्हणजे दहा टक्के. तीच ०.२ सेकंदांची चूक वीस झोक्यांच्या चाळीस सेकंदांत झाली तर अर्धा टक्का. प्रयोगाच्या वहीत वीस झोके मोजायला सांगतात ते यासाठी. मोजायला सुरुवात करताना वजन मधून जात असताना ‘शून्य’ म्हणा, ‘एक’ नव्हे. वर्गात सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. मध्ये वजन सगळ्यात वेगात असतं, त्यामुळे ते नेमकं कधी मधून गेलं हे डोळ्याला स्पष्ट दिसतं. टोकाला ते रेंगाळतं, तिथे कळत नाही.

वीस झोक्यांना समजा ४०.२ सेकंद लागले. एका झोक्याला, म्हणजे आवर्तकाल, २.०१ सेकंद. त्याचा वर्ग ४.०४. गुरुत्व त्वरण = ३९.५ × लांबी ÷ आवर्तकालाचा वर्ग. ३९.५ म्हणजे π (पाय) चा वर्ग गुणिले चार. उत्तर आलं ९.७८. गोव्याच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला खरी किंमत सुमारे ९.७८ च आहे. ध्रुवांपाशी ती ९.८३ पर्यंत जाते, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. तुमचं उत्तर ९.६ आलं तरी निराश होऊ नका. लांबी परत मोजा, झोका लहान ठेवा. वजन दुप्पट करूनही बघा. वेळ बदलत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की ती ओळ पाठ करावी लागत नाही.

पायरी तिसरी: दिशा धरा

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत उभे राहा आणि बोटीचं नाक कुठे आहे ते बघा. भरती किंवा ओहोटी जोरात असली की नाक समोरच्या धक्क्याकडे सरळ नसतं, प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला थोडं वळवलेलं असतं. तरी बोट जाते मात्र धक्क्याकडेच. सदिशांची, म्हणजे व्हेक्टरची, बेरीज इथे समोर घडते.

आकडे आपण धरून चालू. पात्र ४०० मीटर रुंद, बोटीचा पाण्यातला वेग २ मीटर प्रति सेकंद, प्रवाह १.५ मीटर प्रति सेकंद. नाक सरळ समोर ठेवलं तर पलीकडे पोचायला २०० सेकंद लागतील. प्रवाह बोटीला पलीकडे जाण्यात मदतही करत नाही आणि अडवतही नाही, कारण तो त्या दिशेला काटकोनात आहे. पण त्या २०० सेकंदांत बोट ३०० मीटर वाहवत जाईल. एकूण वेग ३.५ नाही, २.५ येतो, कारण काटकोन त्रिकोणात १.५ आणि २ च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ २.५. पडताळा घ्या: तिरकं अंतर ५०० मीटर, भागिले २.५, परत २०० सेकंद.

सरळ धक्क्यावरच जायचं असेल तर नाक प्रवाहाविरुद्ध सुमारे ४९ अंश वळवावं लागेल, पलीकडे जाण्याचा वेग १.३२ उरेल, आणि वेळ ३०० सेकंदांच्या वर जाईल. सगळ्यात कमी वेळेचा मार्ग आणि सगळ्यात कमी अंतराचा मार्ग हे वेगवेगळे निघाले. परीक्षेत हा प्रश्न दरवर्षी कुठे ना कुठे येतो, आणि ज्याने चित्र काढलं त्याला तो सुटतो.

बलांची बेरीजही अशीच. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दोन दोऱ्यांवर माणसांचे दोन गट असतात. प्रत्येक दोरीवर ५०० न्यूटनचा ओढा आणि दोऱ्यांमध्ये १२० अंशांचा कोन असेल तर जाळं पुढे येतं ते फक्त ५०० न्यूटनने. कोन ६० अंशांवर आणला की तेच लोक, तीच ताकद, पण ओढा ८६६ न्यूटन.

पायरी चौथी: बल. इथे घाई करू नका

न्यूटनने गतीचे तीन नियम १६८७ साली मांडले. पाठ सगळ्यांना असतात. खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात आहे.

विहिरीतून कप्पीवरून घागर वर ओढताय. पाण्यासकट घागरीचं वस्तुमान १२ किलोग्रॅम, गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरा, म्हणजे वजन १२० न्यूटन. घागर एकसारख्या वेगाने वर येते आहे. दोरीतला ताण, म्हणजे टेन्शन, किती?

वर्गातले बहुतेक हात ‘१२० पेक्षा जास्त’ला वर होतात. नाहीतर घागर वर कशी येईल? पण उत्तर आहे बरोबर १२०. वेग बदलत नाही, म्हणजे त्वरण शून्य, म्हणजे एकूण बल शून्य, म्हणजे वरचं आणि खालचं बल सारखं. वर जाण्यासाठी जास्तीचं बल लागत नाही, वर जाण्याचा वेग वाढवण्यासाठी लागतं. सुरुवातीला घागर थांबलेली असते, तिला ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण दिलंत तर त्या क्षणांपुरता ताण १२६ न्यूटन होतो. आणि घागर काठाशी आली, तुम्ही तेवढ्याच त्वरणाने हात हळू केलात, तेव्हा ताण ११४ न्यूटन. म्हणजे घागर अजून वरच चालली आहे आणि एकूण बल मात्र खाली आहे. हे वाक्य दोनदा वाचा. गती ज्या दिशेला आहे त्याच दिशेला बल असतं, ही समजूत आपल्या मनात लहानपणापासून घट्ट बसलेली असते, आणि पहिल्या वर्षातल्या चुकांची मोठी रास तिच्यातून येते.

पटत नसेल तर करून बघा. पाण्याची भरलेली बाटली स्प्रिंगकाट्याला लटकवा. काटा हातात धरून बाटली कमरेपासून डोक्यापर्यंत उचला आणि मित्राला काट्याच्या सुईचा मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. सुरुवातीला सुई क्षणभर खाली जाऊन जास्त वजन दाखवते, मधल्या भागात मूळ जागी येते, थांबताना कमी दाखवते. मधला भाग लांबवायचा तर सावकाश आणि एकसारखं उचला.

आता कोणत्याही गणिताला लावायची रीत सांगतो. आधी एकच वस्तू निवडा आणि तिच्याभोवती पेन्सिलीने बंद रेघ काढा. त्या रेषेबाहेरच्या कोणकोणत्या वस्तू तिला स्पर्श करतात ते बघा: दोरी, जमीन, भिंत, हात, हवा, पाणी. प्रत्येक स्पर्शाचा एक बाण काढा. दोन खडबडीत पृष्ठभाग घासत असतील तर त्या एकाच स्पर्शाचे दोन बाण होतील, एक पृष्ठभागाला लंब आणि एक त्याच्या समांतर. शेवटी पृथ्वीचा एक बाण खाली. अकरावीच्या यांत्रिकीत स्पर्शाशिवायचं बल बहुतेक वेळा हे एकच असतं. प्रत्येक बाणाशेजारी लिहा: कोणाचं बल, कोणावर. ‘दोरीचं, घागरीवर.’ ‘पृथ्वीचं, घागरीवर.’ ज्या बाणाला ‘कोणाचं’ याचं उत्तर देता येत नाही तो खोडा. वर फेकलेल्या चेंडूवर मुलं वर जाणारा बाण काढतात. कोणाचं बल? हात तर सुटलेला आहे. म्हणजे तो बाण नाहीच. याला पुस्तकात फ्री बॉडी डायग्राम म्हणतात, आणि माझ्या मते पहिल्या सत्रात दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, हे जमलं पाहिजे.

तिसऱ्या नियमातली गफलतही याच रीतीने सुटते. टेबलावर पुस्तक आहे. पृथ्वी त्याला खाली ओढते, टेबल वर ढकलतं, दोन्ही बलं सारखी. म्हणून पुष्कळजण लिहितात की टेबलाचं बल ही वजनाची प्रतिक्रिया आहे. तशी ती नाही. ही दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, आणि क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असते. ‘पृथ्वीचं, पुस्तकावर’ याची जोडी ‘पुस्तकाचं, पृथ्वीवर’. नावं उलटी केली की जोडी मिळाली. पुस्तकावरची दोन बलं सारखी आहेत ती पुस्तक स्थिर आहे म्हणून, म्हणजे पहिल्या नियमामुळे. तेच पुस्तक वर निघालेल्या लिफ्टच्या जमिनीवर ठेवा, आता जमीन त्याला वजनापेक्षा जास्त ढकलते. जोडी असती तर असा फरक पडलाच नसता.

पावसाळ्यात आणखी एक उदाहरण रोज मिळतं. पावसाचा थेंब दोन किलोमीटरवरून निघाला आणि हवाच नसती, तर तो जमिनीवर २०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७२० किलोमीटर वेगाने आदळला असता. प्रत्यक्षात मोठा थेंबसुद्धा साधारण ९ मीटर प्रति सेकंद वेगाने पडतो. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वाढतो, एका वेगाला तो थेंबाच्या वजनाइतका होतो, आणि तिथून पुढे त्वरण शून्य. या वेगाला टर्मिनल व्हेलॉसिटी म्हणतात.

पायरी पाचवी: घर्षण

एक गुळगुळीत फळी घ्या, तिच्यावर चिऱ्याचा लहान तुकडा ठेवा. फळीचं एक टोक हळूहळू उचला. तुकडा ज्या क्षणी घसरतो तिथे थांबा आणि दोन अंतरं मोजा: उचललेल्या टोकाची जमिनीपासून उंची, आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या जागेपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचं जमिनीवरचं अंतर. उंची ४० सेंटिमीटर आणि जमिनीवरचं अंतर ८० असेल तर स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.५. कोन मोजायचीही गरज नाही. दहा वेळा करा, सरासरी घ्या, आणि सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान उत्तरातलं अंतरही लिहून ठेवा. मग तुकड्यावर दुसरा तुकडा ठेवून परत करा. कोन जवळजवळ तोच येतो, कारण वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं. फळी ओली करून बघा, आणि पहिल्या पावसात घाटातल्या वळणावर स्कूटर हळू का घ्यायची ते आकड्यात लिहा.

पायरी सहावी: ऊर्जा

वीस मीटर उंच माडावरून दीड किलोचा असोला नारळ सुटला. खाली यायला दोन सेकंद लागतात, जमिनीपाशी वेग २० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. वर असताना स्थितिज ऊर्जा १.५ × १० × २० = ३०० ज्यूल. खाली गतिज ऊर्जा, अर्धा × १.५ × ४००, परत ३०० ज्यूल. ऊर्जेची रीत सोयीची अशी की वेळ काढावीच लागत नाही. सुरुवात आणि शेवट पुरतो.

आता मुलांचा आवडता प्रश्न: नारळ किती बलाने पडला? या प्रश्नाला असं उत्तर नाही. नारळ बल सोबत घेऊन येत नाही, तो ऊर्जा आणि संवेग (मोमेंटम, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग) घेऊन येतो. बल किती, हे तो किती अंतरात थांबतो त्यावर ठरतं. मऊ वाळूत पाच सेंटिमीटर रुतून थांबला तर सरासरी बल ३०० ÷ ०.०५, म्हणजे सुमारे ६,००० न्यूटन. कडक जमिनीवर एका सेंटिमीटरात थांबला तर ३०,०००. हेल्मेटच्या आतला फोम नेमकं हेच करतो, थांबायचं अंतर वाढवतो. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडावर असताना खाली कोणी उभं राहू नये ते का, हे या दोन आकड्यांत आलं.

दूधसागरचा एकूण उतार सुमारे ३१० मीटर. पाण्याची सगळी स्थितिज ऊर्जा उष्णतेत बदलली आणि सगळी पाण्यातच राहिली असं धरलं, तर तापमान किती वाढेल? एक किलोग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४,१८६ ज्यूल लागतात, म्हणून ९.८ × ३१० ÷ ४,१८६, म्हणजे साधारण ०.७ अंश सेल्सिअस. पाणी किती आहे हे विचारावंच लागलं नाही, ते दोन्ही बाजूंनी गेलं. अशी गणितं स्वतःच तयार करत जा. मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रात गेलात तर तिथल्या प्रत्येक यंत्रापुढे उभं राहून ऊर्जा कुठून आली आणि कुठे गेली एवढं विचारा.

पायरी सातवी: तरंगणारी बार्ज

तरंगणाऱ्या वस्तूला नवं काही लागत नाही. चौथ्या पायरीचीच रीत: वस्तू बार्ज (खनिज वाहून नेणारी मोठी मालवाहू बोट), पृथ्वीचं बल खाली, पाण्याचं बल वर, त्वरण शून्य, म्हणून दोन्ही सारखी. आर्किमिडीजने त्यात भर घातली ती एवढी की पाण्याचं बल हे बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं असतं.

बार्ज ६० मीटर लांब आणि १४ मीटर रुंद पेटी आहे असं धरा. तिच्यात २,००० टन खनिज भरलं. ती आणखी किती बुडेल? तळाचं क्षेत्रफळ ८४० चौरस मीटर. गोड्या पाण्याचा एक घनमीटर एक टनाचा, म्हणून २,००० घनमीटर पाणी बाजूला सारावं लागेल, आणि २,००० ÷ ८४० म्हणजे २.३८ मीटर. ऐन पावसात मांडवीच्या वरच्या थराचं पाणी जवळजवळ गोडं असतं. हीच बार्ज मुरगाव बंदराजवळच्या खाऱ्या पाण्यात आली, जिथे घनता साधारण १.०२५ टन प्रति घनमीटर, की आकडा होतो २.३२ मीटर. माल तोच, पण त्याच्यामुळे बार्ज सहा सेंटिमीटर कमी बुडते. मोठ्या जहाजांच्या अंगावर पाण्याच्या रेषेजवळ ज्या आडव्या खुणा असतात त्या यासाठीच. ब्रिटनमध्ये सॅम्युएल प्लिम्सॉल यांच्या प्रयत्नांमुळे १८७६ साली अशी खूण कायद्याने सक्तीची झाली, आणि आज गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची, उष्ण कटिबंधाची अशा वेगवेगळ्या रेषा असतात.

घरी हे अंड्यावर करून बघा. ग्लासभर पाण्यात ताजं अंडं बुडतं. मीठ चमचा चमचा घालून अलगद ढवळत गेलं की एका क्षणी ते तळ सोडतं. किती चमच्यांना, ते लिहून ठेवा.

आता वर्गात सोडवायला एक प्रश्न. खरी बार्ज पेटीसारखी नसते, पुढे निमुळती होत जाते. मग २,००० टनांना ती २.३८ मीटरपेक्षा जास्त बुडेल की कमी? चित्र काढा, पाण्याच्या पातळीवरचं क्षेत्रफळ रंगवा. ते ८४० पेक्षा कमी भरेल, आणि तेवढंच पाणी कमी क्षेत्रफळातून सारायचं तर बार्जला आणखी खाली जावं लागेल.